वाहाकातला रविवार : काही महिने राहून आल्यावरचं मत

मेक्सिकोतलं वाहाका शहर दोन दिवसांत उरकून आलेल्यांची मतं वाचून आम्ही तिथे गेलो होतो. लांबलेल्या सुट्टीत उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत तिथे राहिल्यावर त्यांतली बरीचशी मतं मला पटेनाशी झाली. बहुतेकांनी रविवारी सकाळी टूरची गाडी धरलेली असते. तूलेचं प्रचंड झाड, तेओतित्लानचे गालिचे, मित्लाचे अवशेष, मेस्काल या दारूची भट्टी आणि मध्ये 'त्लाकोलुला बाजार, ४५ मिनिटं'. या पंचेचाळीस मिनिटांवरच माझा आक्षेप आहे. बाकीची ठिकाणं मंगळवारीही तिथेच असतात, बाजार मात्र रविवारीच भरतो.

त्लाकोलुला वाहाका शहराच्या पूर्वेला, साधारण ३० किलोमीटरवर. या खोऱ्यात गावोगावचे वार ठरलेले आहेत: बुधवारी एत्ला, गुरुवारी साचिला, शुक्रवारी ओकोत्लान, रविवारी त्लाकोलुला. मेसोअमेरिकेतल्या (मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या प्राचीन संस्कृतींच्या प्रदेशातल्या) सर्वांत जुन्या, अखंड भरत आलेल्या बाजारांत याची गणना होते. आठवडी बाजार पाहत वाढलेल्या माणसाला इथलं तंत्र कोणी समजावून सांगावं लागत नाही. चर्चभोवतालचे सगळे रस्ते बंद होतात, डोक्याला लागतील इतक्या खाली ताडपत्र्या ताणलेल्या असतात, आणि खाली चटईवर टोमॅटोचे, मिरच्यांचे, लिंबांचे वाटे मांडलेले असतात. तराजू फार कमी. वाटा पसंत पडला की घ्यायचा, वर दोन जास्त मिळाले तर हसून पिशवीत टाकायचे.

पहिल्यांदा गेलं की फक्त रंग दिसतात. पुन्हा पुन्हा गेलं की कोण कुठून आलंय ते कळू लागतं. फुलांचं दाट भरतकाम केलेले चौकड्यांचे एप्रन घातलेल्या बायका सान मिगेल देल व्हायेच्या. लालसर मातीचे तवे आणि मडकी घेऊन बसलेल्या सान मार्कोस त्लापासोलाच्या. आपसांत सापोतेक ही तिथली मूळ भाषा बोलतात, गिऱ्हाइकाशी स्पॅनिश. कोणी पाय बांधलेली जिवंत टर्की काखेत धरून उभी असते, कोणी फड्या निवडुंगाच्या पानांचे काटे सुरीने भराभर खरवडत असते. मक्यासाठी चुन्याचे खडेही विकायला असतात, कारण मका चुन्याच्या पाण्यात शिजवल्याशिवाय तिथली रोटी होतच नाही. पर्यटकांसाठी मांडलेल्या वस्तू आहेत, पण त्या एका बाजूला. मुख्य बाजार आसपासच्या गावांचा आठवड्याचा किराणा आहे, आणि म्हणूनच तो मला इतका आवडला.

ऋतूप्रमाणे तो बदलतो, हे एका फेरीत समजणं शक्यच नाही. मे महिन्यात निवडुंगाची लालभडक पिताया फळं आली. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या मोठ्या मुंग्या आल्या, भाजून चटणीसाठी. मग भोपळ्याची फुलं आणि लिंबू, लसूण, मीठ लावून भाजलेल्या नाकतोड्यांच्या टोपल्या. चिकू, पेरू, सीताफळ यांची तर मूळ माहेरं याच खंडात आहेत, त्यामुळे फळांच्या रांगेत परकेपणा वाटला नाही. ऑक्टोबरच्या शेवटी मृतांच्या दिवसांसाठी झेंडू येतो. दसऱ्याला आपण दाराला लावतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा, हे मी वाचलं होतं. पण पितरांच्या वेदीसाठी बायका तो कवेत मावणार नाही इतका, 'कोंबड्याचा तुरा' या गडद लाल फुलांसोबत घरी नेताना पाहिल्या आणि मला भरून आलं.

खाण्याचं सविस्तर सांगते. चर्चशेजारच्या मंडईत एका बाजूला पाव आणि दुसऱ्या बाजूला बोकडाची बार्बाकोआ, म्हणजे मंद आचेवर शिजवलेलं मांस, मिरचीच्या लाल रश्श्यात. हवं ते मांस विकत घेऊन तिथल्याच कोळशाच्या शेगडीवर स्वतः भाजता येतं, सोबत कांद्याची पात. नवरा दर वेळी तिथेच रमायचा. मी तेहाते प्यायचे. मका, कोको, मामेय फळाच्या बियांचा गर आणि एक सुगंधी फूल एकत्र वाटून, पाण्यात हाताने घुसळून वर पांढरा फेस आणतात. दूध अजिबात नाही. पहिल्या घोटाला काही विशेष वाटत नाही, उन्हात फिरल्यावर दुसरं पेय नको वाटतं.

शाकाहारी मंडळींनी मात्र नीट विचारून घ्यावं. त्लायुदा म्हणजे मोठी, कुरकुरीत मक्याची रोटी. तिच्यावर काळ्या घेवड्याच्या आधी बहुतेक वेळा डुकराची चरबी लावतात. 'सिन आसिएंतो' म्हटलं की ती वगळतात, पण घेवडाही चरबीत परतलेला असू शकतो. भोपळ्याचं फूल आणि केसियो चीज घालून दुमडलेली रोटी, म्हणजे केसादिया, त्यापेक्षा बरी.

दुपारी तीनपर्यंत परत शहरात यावं. पावसाळ्यात संध्याकाळी सरी येतात, तेव्हा बाजार भराभर आवरतो. यायला-जायला बस आणि सामायिक टॅक्सी आहेत. टॅक्सीत ड्रायव्हरशेजारी दोघं कोंबतात, म्हणून गुडघेदुखी असणाऱ्यांनी बसच धरावी.

संध्याकाळ आमची सोलेदाद बॅसिलिका या चर्चसमोरच्या चौकातून सुरू व्हायची. तिथे झाडांखाली आइस्क्रीमच्या टपऱ्या आहेत. करपवलेल्या दुधाचं आणि निवडुंगाच्या लाल फळाचं एकाच ग्लासात मागावं. मग रमतगमत सोकालोवर, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात. इथले मोठे वृक्ष स्थानिक लोक 'भारतीय लॉरेल' म्हणून ओळखतात, वडाच्याच कुळातले. त्यांच्या सावलीत बूट पॉलिशवाले, फुगेवाले, मक्याचे दाणे लिंबू-तिखट-चीज घालून देणाऱ्या गाड्या, आणि आजी-आजोबांसह आलेली अख्खी कुटुंबं. कोणालाच कुठे जायची घाई नसते. बाकावर बसायला पैसे लागत नाहीत आणि उठा असं कोणी म्हणत नाही. माझ्या दृष्टीने शहराची सर्वांत मोठी जमेची बाजू हीच.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. मे-जूनमध्ये शिक्षकांच्या धरण्यामुळे चौकात तंबू पडतात, कधी रस्ते अडतात. त्यांच्या मागण्या त्यांच्या जागी, पण प्रवासाचं नियोजन कोलमडू शकतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. आमच्यासारखे महिनोन् महिने राहणारे वाढल्याने घरभाडी चढली, आणि २०२४ च्या जानेवारीत त्याविरुद्ध मोर्चाही निघाला. लांब मुक्काम करणाऱ्यांनी हे गांभीर्याने घ्यावं. मध्यवस्तीतला पूर्ण फ्लॅट अडवण्यापेक्षा स्थानिक कुटुंबाकडची खोली घ्यावी, आणि वीस पेसोंच्या वाट्यावर घासाघीस करू नये.

बाजारात सुटे पैसे जवळ ठेवा, कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, नकार आला तर तो खरा माना. ऑक्टोबरच्या अखेरीस जाणार असाल तर खोली काही महिने आधीच ठरवा, आणि १ नोव्हेंबरच्या आधीचा रविवार त्लाकोलुलासाठी पूर्ण मोकळा ठेवा.