आधी गाणं, पियानो की चार तारवाद्यं?

पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकायची इच्छा आहे पण सिम्फनी अंगावर येते, असं कुणी म्हटलं की मी त्याला एकोणिसाव्या शतकातल्या घरगुती संगीताकडे वळवतो. ‘घरगुती’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतोय. शूबर्ट, शूमान, शोपाँ, ब्राम्स यांनी मोठ्या सभागृहापेक्षा दिवाणखान्यात शोभेल असं जे लिहिलं, त्याचे ढोबळ तीन प्रकार पडतात. एका आवाजाचं आणि पियानोचं गाणं, ज्याला जर्मनमध्ये ‘लीड’ म्हणतात. एकट्या पियानोच्या रचना. आणि तीन-चार ते सात-आठ वादकांनी मिळून वाजवायचं चेंबर म्युझिक. काळ एकच, कित्येकदा संगीतकारही एकच. तरी ऐकणाऱ्याकडून हे तीन प्रकार तीन वेगळ्या गोष्टी मागतात, म्हणून कुठून शिरायचं हा प्रश्न रास्त आहे.

माझं उत्तर आधीच सांगतो: गाण्यापासून. बहुतेक जण पियानो सुचवतात. तो सल्ला चुकीचा नाही, पण त्यात एक धोका आहे. तो पुढे सांगतो.

गाणं

मराठी कानाला या तिघांत सगळ्यांत जवळचं हेच. कवीची कविता, संगीतकाराची चाल, तीन-चार मिनिटांचा अवधी. भावगीतावर वाढलेल्या माणसाला यातलं काहीच परकं नाही. नवं आहे ते पियानोचं काम. आपल्याकडे पेटी गायकाच्या मागून जाते, त्याला सावरते, त्याची जागा भरते. इथे पियानो गायकाच्या बरोबरीने गोष्ट सांगतो आणि कधीकधी गाणाऱ्या पात्राला ठाऊक नसलेलंही सांगून टाकतो.

‘एर्लक्योनिश’ ऐका. गटेच्या कवितेला शूबर्टने १८१५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी ही चाल लावली. रात्रीच्या वाऱ्यात बाप मुलाला छातीशी धरून घोडा पिटाळतोय. मुलाला वाटेत एक अमानवी राजा दिसतो, बापाला दिसत नाही. निवेदक, बाप, मुलगा आणि राजा हे चारही आवाज एकच गायक काढतो. पियानोच्या उजव्या हातात घोड्याच्या टापा: तोच स्वर सप्तकाच्या जोडीत, तीन-तीनच्या गटाने, जवळजवळ अखंड. पियानोवादकाचं मनगट भरून येतं. शूबर्टने स्वतःच याची एक सोपी आवृत्तीही लिहून ठेवली होती. मुलगा बापाला हाक मारतो तेव्हा प्रत्येक वेळी त्याचा सूर आधीपेक्षा वर चढतो. राजा मात्र मेजरमध्ये (शुद्ध गंधाराच्या उजळ स्वरांत; कोमल गंधाराचं ते मायनर), लाडीगोडीने बोलतो. शेवटी टापा थांबतात, गायक बोलल्यासारखं एक वाक्य म्हणतो आणि मूल गेलेलं असतं. चार मिनिटांत एवढं सगळं घडतं.

किंमत मोजावी लागते ती भाषेची. जर्मन येत नसेल तर अर्थ आधी वाचावाच लागतो, याला पळवाट नाही. माझी पद्धत अशी: भाषांतर एकदा नीट वाचायचं, मग बाजूला ठेवून ऐकायचं. ओळीगणिक डोळे कागदावर ठेवले की कान अर्धाच उरतो. मी स्वतः ‘विंटररायसे’ बरेच दिवस नुसत्या आवाजासाठी ऐकत होतो. अर्थ वाचून शेवटचं गाणं ऐकलं, त्या संध्याकाळी पुढे काही लावावंसं वाटलं नाही.

‘विंटररायसे’ म्हणजे हिवाळ्यातला प्रवास. विल्हेल्म म्युलरच्या २४ कवितांना शूबर्टने १८२७ साली चाली लावल्या. सलग ऐकायला सव्वा तास लागतो. प्रेमात नाकारलेला एक माणूस रात्री गाव सोडून बर्फातून चालू लागतो, एवढीच कथा. शेवटच्या ‘डेर लायरमान’मध्ये गावाबाहेर एक म्हातारा अनवाणी उभा राहून हाताने फिरवायचं तंतुवाद्य वाजवतोय, त्याची थाळी रिकामी आहे, कुत्री गुरगुरताहेत. पियानोच्या डाव्या हातात पहिल्यापासून अखेरपर्यंत नुसते षड्ज-पंचम. मधला गंधार नाही. तानपुऱ्याजवळ बसून मोठं झालेल्या कानाला हे दोन स्वर ओळखीचे, पण तानपुरा जो आधार देतो त्याचा इथे मागमूस नाही. त्याच स्वरांचं इतकं ओसाड रूप मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. शूबर्टने ही गाणी मित्रांना गाऊन दाखवली तेव्हा तेही गोंधळून गेले होते. शोबर नावाच्या मित्राला त्यातलं एकच, लिंडेनच्या झाडाचं गाणं आवडलं. तुम्हालाही आधी तेच आवडलं तर बिचकू नका, पाचवं आहे ते.

सव्वा तास जड वाटला तर शूमानचं ‘डिष्टरलीबं’ घ्या: हायनेच्या कवितांवरची १६ गाणी, अर्धा तास. १८४० साली, क्लारा वीकशी लग्न होण्याच्या काही महिने आधी त्याने ही लिहिली. पहिलं गाणं संपतं तेव्हा पियानो षड्जावर येतच नाही, प्रश्न हवेत ठेवतो. शेवटच्या गाण्यात गायक गप्प झाल्यावरही पियानो बराच वेळ एकटा बोलत राहतो. शब्दांनी जे कडवट करून ठेवलं, ते तो हळूहळू निवळवतो.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती या संगीताच्या ‘घरगुती’पणाशी जोडलेली आहे. जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोनच्या नावाने छापलेल्या गाण्यांपैकी सहा त्याची बहीण फानीची होती. १८४२ साली लंडनमध्ये राणी व्हिक्टोरियाने त्यातलं ‘इटालिएन’ (इटली) निवडून गायलं, तेव्हा ते आपलं नसून बहिणीचं असल्याचं फेलिक्सला कबूल करावं लागलं. फानीला घरात वाजवायची मुभा होती, नाव छापायची बराच काळ नव्हती. फानी हेन्झेल आणि क्लारा शूमान यांची गाणी आज सहज मिळतात. ती ऐका.

पियानो

इथे भाषेचा अडसर नाही, गायकाचा आवाज आवडण्या-नावडण्याचा प्रश्न नाही, एक रचना पाच मिनिटांत संपते. शोपाँचं ई फ्लॅट मेजरमधलं नॉक्टर्न (रात्रीच्या वातावरणाची छोटी रचना), ऑपस ९ म्हणजे नवव्या क्रमांकाच्या प्रकाशनातलं दुसरं, १८३२ साली छापलं गेलं. पहिल्यांदा ऐकूनच आवडतं. तीच धून पुन:पुन्हा येते आणि प्रत्येक वेळी वेगळ्या नक्षीने येते. मुखडा तोच, हरकती नव्या, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. डावा हात ठेका सांभाळतो, उजवा त्यावर थोडा रेंगाळतो, थोडा पुढे जातो. शोपाँ शिष्यांकडून हीच शिस्त मागत असे.

आता तो धोका. हे संगीत इतकं सहज अंगवळणी पडतं की ऐकणं कधी थांबलं ते कळत नाही. ॲपवरच्या ‘झोपेसाठी पियानो’, ‘अभ्यासासाठी पियानो’ अशा याद्यांमध्ये हीच नॉक्टर्न्स आणि शूमानचं ‘ट्रॉयमराय’ भरलेलं असतं. वर्षभर असं ऐकलेल्या माणसाला शोपाँ म्हणजे खिडकीबाहेरचा पाऊस वाटू लागतो. शोपाँच्या पंधराव्या प्रील्यूडला (प्रील्यूड हीही पियानोची छोटी रचना) पावसाच्या थेंबाचं नाव चिकटलंय खरं, पण त्याचा मधला भाग ऐका. तोच टपटपणारा स्वर तिथे काळोखी होतो आणि छातीवर बसतो.

म्हणून पियानोच निवडणार असाल तर नॉक्टर्नऐवजी शोपाँचं जी मायनरमधलं पहिलं बॅलड आधी लावा. नऊ-दहा मिनिटांची ही रचना तुम्हाला दुसरं काम करू देत नाही. संथ, कथा सांगितल्यासारखी सुरुवात, दोन धुनी, त्या दर वेळी अधिक पेटत जाणाऱ्या, आणि शेवटी अक्षरशः कोसळणं. त्यानंतर शूमानचं ‘किंडरत्सेनन’: १३ छोट्या रचना, वीसेक मिनिटं. ‘ट्रॉयमराय’ त्यातली सातवी आहे, आणि आधीच्या सहा ऐकून तिच्यापाशी पोचलात की यादीत सुटी ऐकलेली ती हीच का, असं वाटतं. ब्राम्सच्या उतारवयातल्या इंटरमेझो या छोट्या पियानो रचनांसाठी मात्र घाई करू नका. ऑपस ११८ मधलं दुसरं, ए मेजरमधलं, सहा मिनिटांचं आहे आणि ते चाळिशीनंतर वेगळं ऐकू येतं, असा माझा अनुभव.

चेंबर म्युझिक

सर्वांत जास्त मागणारा आणि माझ्या मते सर्वांत टिकणारा प्रकार. अडचण वेळेची नाही. तासभराचा ख्याल ऐकणाऱ्याला चाळीस मिनिटांची स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, त्याहून थोडं मोठं व्हायोला आणि खर्जातला चेलो अशा चौघांची रचना) जड जायला नको. अडचण ही की आपला कान एका धुनीच्या मागे जायला तयार झालाय आणि इथे चार वाद्यं एकाच वेळी चार गोष्टी बोलतात. पहिल्यांदा ऐकताना कान आपोआप पहिल्या व्हायोलिनला धरतो आणि बाकीच्यांचा नुसता गलबला होतो. उपाय एकच, पण खात्रीचा: दुसऱ्यांदा ऐकताना पहिलं व्हायोलिन सोडून चेलो धरा. तिसऱ्यांदा व्हायोला.

मराठी श्रोत्याला यातलं पहिलं पाऊल म्हणून मी द्वोर्झाकची ‘अमेरिकन’ क्वार्टेट देतो. १८९३ च्या उन्हाळ्यात आयोवातल्या स्पिलव्हिल या चेक वस्तीत त्याने ती लिहिली. पंचवीसेक मिनिटांची. सुरुवातीलाच व्हायोला जी धून घेते ती पाच स्वरांची आहे, आणि ते भूपाचेच पाच स्वर आहेत. राग शोधायला जाऊ नका, तो तिथे नाही. पण पाय ठेवायला ओळखीची जमीन मिळते.

आणि शेवटी पोचायचं ते शूबर्टच्या सी मेजर क्विंटेटपाशी, म्हणजे पाच वादकांच्या रचनेपाशी. १८२८ साली, मृत्यूच्या दोनेक महिने आधी लिहिलेली, दोन चेलोंची. ती जाहीरपणे वाजली १८५० मध्ये, तो गेल्यावर २२ वर्षांनी. दुसऱ्या भागात मधली तीन वाद्यं एक धून इतक्या संथपणे पुढे नेतात की काळ सरकतोय की नाही ते कळत नाही. वरून पहिलं व्हायोलिन तुटक शब्द टाकतं, खालून दुसरा चेलो बोटाने तार छेडतो. अतिविलंबित ऐकायची सवय असलेल्यांनी हा भाग जरूर ऐकावा. इतरांपेक्षा आपल्याला तो लवकर उमगेल असं मला मनापासून वाटतं.

ऐकायच्या सोयी

लोकलमध्ये, रिक्षात, स्वयंपाकघरात ऐकणार असाल तर गाणं त्यातल्या त्यात तग धरतं, कारण मानवी आवाज गोंगाटातूनही पोचतो. क्विंटेटमधले हळुवार भाग तिथे पूर्ण हरवतात. त्यासाठी शांत खोली हवी आणि तासभराची मोकळीक. ॲपवर शफल बंद करायला विसरू नका, नाहीतर क्वार्टेटचा तिसरा भाग संपून भलत्याच कुणाचा पहिला सुरू होतो. शूबर्ट शोधताना नावापेक्षा ‘डी’ क्रमांक कामाला येतो. डॉइच या अभ्यासकाने केलेल्या यादीतले हे क्रमांक: क्विंटेट ९५६, ‘विंटररायसे’ ९११.

ध्वनिमुद्रणाची निवड गाण्यात सगळ्यांत जास्त महत्त्वाची. डिट्रिख फिशर-डीस्काऊचा बॅरिटोन (मधल्या पट्टीतला पुरुषी आवाज) आणि जेराल्ड मूरचा पियानो ही वर्षानुवर्षांची शिफारस, आणि योग्यच. पण ‘विंटररायसे’ क्रिस्टा लुडविगच्या आवाजातही ऐका. बाईने तो प्रवासी गायला की स्वतःची कीव मागे पडते, थंडी पुढे येते. डिष्टरलीबंसाठी फ्रिट्झ वुंडरलिश. नॉक्टर्न्ससाठी रुबिनश्टाइन किंवा मारिया ज्वाव पिरिश, दोघांपैकी कुणीही चालेल.

प्रत्यक्ष ऐकण्यात मात्र क्रम उलटतो. चेंबर म्युझिकला समोर बसण्याने जितका फरक पडतो तितका बाकी दोघांना पडत नाही. चौघं एकमेकांकडे बघून श्वास घेतात आणि गज एकदम उतरतात, हे दिसलं की गलबला आपोआप चार आवाजांत सुटा होतो. मुंबईत याची परंपरा जुनी आहे, व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी इथे १९४० साली स्ट्रिंग क्वार्टेट उभी केली होती. आज नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात अशा मैफली होतात. जुन्या गोव्यात टेकडीवरच्या मोंते चॅपलमधल्या महोत्सवातही अशा बैठका झाल्या आहेत. हाताशी असेल तर घरी सराव होईपर्यंत थांबू नका, सरळ जा.

मग कुणी काय घ्यावं

कविता वाचणाऱ्याने, भावगीत-नाट्यगीत मनापासून ऐकणाऱ्याने लीड. ख्यालाच्या मैफलीत तास-दीड तास बसणाऱ्याने मधल्या पायऱ्या सोडून थेट क्वार्टेट; त्याला पियानोच्या छोट्या रचना अपुऱ्या वाटण्याची शक्यता मोठी. दिवसाकाठी दहाच मिनिटं मिळत असतील किंवा घरात मूल पियानो शिकत असेल तर पियानो, पण कान जागा ठेवून.

आणि ठरतच नसेल तर शूबर्टनेच एक पूल बांधून ठेवलाय. १८१७ साली त्याने ‘डेर टोड उंट डास मेडशन’ हे गाणं लिहिलं, अडीच मिनिटांचं, डी ५३१. मुलगी मृत्यूला म्हणते, निघून जा, मी अजून लहान आहे. मृत्यू उत्तर देतो, हात दे, मी शिक्षा द्यायला आलेलो नाही. सात वर्षांनी, १८२४ मध्ये, स्वतः आजारी असताना त्याने डी मायनरमधली क्वार्टेट लिहिली, डी ८१०. तिच्या दुसऱ्या भागात हीच धून घेऊन तिची पाच रूपं केली आहेत. मुलीचे शब्द ज्या सुरांवर होते ते त्याने घेतले नाहीत. घेतली ती पियानोची सुरुवात आणि मृत्यूचं बोलणं. एका संध्याकाळी आधी गाणं दोनदा ऐका, अर्थ वाचून. मग लगेच क्वार्टेटचा दुसरा भाग लावा. शब्द गेलेले असतील, पियानो गेलेला असेल, आणि कोण बोलतंय ते तुम्हाला पहिल्या चार स्वरांतच कळेल.