डीटी ७७० प्रो (८० ओहम): रॉक ऐकणाऱ्याचा ११ महिन्यांचा अनुभव

जुन्या हेडफोनच्या गाद्यांचं रेक्झिन दुसऱ्याच पावसाळ्यात सोलून निघालं. गाणी ऐकून उठलो की कानामागे आणि मानेवर काळे पापुद्रे चिकटलेले असायचे. आवाजही पातळ झाला होता. गादी फाटली की कानाभोवती फट पडते आणि त्या फटीतून सगळ्यात आधी बास, म्हणजे खालचे जड सूर, निघून जातो. म्हणून गेल्या वर्षी जुलैत नवे घ्यायचं ठरवलं. बजेट १५ हजारांचं. वायरचे हवेत, क्लोज्ड-बॅक (मागून बंद कपांचे) हवेत आणि सलग दोन तास रॉक ऐकताना डोक्याला जड होता कामा नयेत, एवढ्याच अटी होत्या.

बायरडायनॅमिकचे डीटी ७७० प्रो घेतले, ८० ओहमचे. आता ११ महिने झाले. रोज दीडेक तास, सुट्टीच्या दिवशी त्याहून जास्त वापर आहे. पहिल्या आठवड्यातलं मत आणि आजचं मत यांत बराच फरक पडलाय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

क्लोज्ड-बॅकच का, असं दोघा-तिघांनी विचारलं. ओपन-बॅक हेडफोनमध्ये आवाज मोकळा येतो, वाद्यं डोक्याच्या बाहेर पसरल्यासारखी वाटतात, हे मला मान्य आहे. पण आम्ही डोंबिवलीत दोन खोल्यांच्या घरात राहतो. आई साडेदहाला झोपते आणि माझं ऐकणं त्यानंतर सुरू होतं. दिवसा ऐकायचं तर डोक्यावर पंखा, स्वयंपाकघरात कुकर, शेजारी टीव्ही. ओपन-बॅकमधून हे सगळं आत येणार आणि माझी गिटार आईच्या खोलीत जाणार. बाहेरचा आवाज किती अडतो याचा कंपनीने दिलेला आकडा सुमारे १८ डेसिबल आहे. पंखा आणि टीव्ही त्यात बऱ्यापैकी विरतात, कुकरची शिट्टी मात्र ऐकू येते. आवाज अडवणं हीच मुख्य गरज असेल तर सेनहायझरचे एचडी २८० प्रो यात बरेच पुढे आहेत. त्यांचा दावा ३२ डेसिबलपर्यंतचा आहे. त्यासाठी त्यांची पकडही तशीच घट्ट आहे.

आता रॉककडे येतो. रॉकची खरी ओळख मला धोबी तलावच्या रंगभवनात झाली, इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवाच्या गर्दीत. तिथे किक ड्रमचा (पायाने वाजतो तो मोठा ड्रम) ठोका कानाआधी छातीवर बसायचा. पुढे कित्येक वर्षं मी हेडफोनमध्ये तोच ठोका शोधत राहिलो आणि त्या नादात नुसत्या बासवाल्या हेडफोनवर पैसे घालवले. हेडफोन छातीला धक्का देऊ शकत नाही. त्याच्याकडून मागावं ते वेगळंच: किक आणि बास गिटार या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून ऐकू येतात का?

प्रश्न साधा वाटतो, पण रॉकसाठी हेडफोन निवडताना मी आता सर्वांत आधी हेच बघतो. चार तारांच्या बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झला (सेकंदाला ४१ कंपनं) वाजते, साध्या गिटारची ८२ हर्ट्झला. किकचं वजन याच टापूत, साधारण ६० ते १०० हर्ट्झच्या आसपास असतं. म्हणजे तीन वाद्यं एकाच अरुंद गल्लीत उभी आहेत. हेडफोनने इथे नुसती फुगवट आणली की तिघांचा मिळून एक घुमारा होतो. पॉप किंवा इलेक्ट्रॉनिक संगीतात हा घुमारा कधी कधी छानही वाटतो, कारण तिथे मधल्या पट्टीत फारशी गर्दी नसते. रॉकमध्ये त्याच घुमाऱ्यावर दोन डिस्टॉर्टेड गिटार आणि एक गायक उभा असतो. पाया चिखलाचा असेल तर वरचं सगळं रुततं.

यासाठी माझी एक चाचणी ठरलेली आहे. हेवी मेटलमध्ये घोडदौडीसारखी चाल असते, एक लांब सूर आणि त्याला जोडून दोन आखूड. बास गिटारवाला ती बोटांनी वाजवत असेल तर चांगल्या हेडफोनमध्ये तिन्ही सूर सुटे मोजता येतात. माझ्या जुन्या हेडफोनमध्ये ‘धूम-धूम’ एवढंच यायचं. डीटी ७७० मध्ये तिन्ही येतात, तारेवर बोट आपटल्याचा टणत्कारही येतो. खरं तर या हेडफोनचा बास कमी नाही. अगदी खालचा, ५० हर्ट्झच्या आतला भाग चांगलाच भरलेला आहे. पण तो लवकर थांबतो, आणि पुढचा ठोका येईपर्यंत मागचा रेंगाळत नाही हे महत्त्वाचं.

एका रात्रीबद्दल लिहायलाच हवं. लेड झेपेलिनचं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे १९७१ च्या अल्बममधलं गाणं मी शेकडो वेळा ऐकलं असेल. त्याचे ड्रम इंग्लंडमधल्या हॅम्पशायरच्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात रेकॉर्ड झाले. जॉन बॉनमचा ड्रमसेट जिन्याच्या हॉलमध्ये मांडला होता आणि वर जिन्यातून दोन माइक खाली सोडले होते. ते माइक बायरडायनॅमिकचेच होते, एम १६०. हे मी आधी वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं. या हेडफोनवर पहिल्यांदा ऐकताना ठोका पडल्यावर तो भिंतींना लागून वर चढतो आणि मग विरतो, हे मला जागच्या जागी कळलं. त्या हॉलची उंची ऐकू आली. मी पहिली ३० सेकंदं सात-आठ वेळा मागे नेऊन ऐकली. क्लोज्ड-बॅकमध्ये जागेचा असा अंदाज येत नाही असं सर्रास सांगितलं जातं. ते सरसकट खरं नाही. रेकॉर्डिंगमध्ये जागा असेल तर ती इथे येते.

आता जिथे हात आखडता घ्यावा लागतो ते. ट्रेबल, म्हणजे वरचे तीक्ष्ण सूर. ८ किलोहर्ट्झच्या आसपास या हेडफोनमध्ये ठळक उंचवटा आहे आणि तो काही लपलेला नाही, या मॉडेलच्या कुठल्याही मोजणीत दिसतो. स्टुडिओत काम करणाऱ्याला याचा उपयोग होतो, कारण रेकॉर्डिंगमधली बारीकशी खरखरही पकडता येते. रॉक ऐकणाऱ्याचं तसं नाही. गिटारच्या अँपचा (अँप्लिफायरचा) १२ इंची स्पीकर ५-६ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही देतच नाही. म्हणजे वरच्या टोकाला जास्तीचं दिलेलं जे आहे ते गिटारला मिळत नाही, सगळं सिंबल, हाय-हॅट (ड्रमसेटच्या झांजा) आणि गायकाच्या ‘स’ला जातं. पहिले दोन आठवडे मला तासाभरात कान शिणल्यासारखं व्हायचं. शिवाय दोन-दोन ऱ्हिदम गिटार जोरात वाजत असल्या की गायक एक पाऊल मागे उभा आहे असं वाटतं.

उपाय फुकट आहे. लॅपटॉपवर इक्वलायझर एपीओ आणि फोनवर वेव्हलेट, प्रत्येक पट्टीचा आवाज वेगळा कमी-जास्त करणारी सॉफ्टवेअर. लॅपटॉपवर ८ किलोहर्ट्झला ४ डेसिबल खाली, १०० हर्ट्झच्या खाली २ डेसिबल कमी, एवढंच करतो. गायक पुढे आला, सिंबल जागेवर गेले. ज्याला हे असलं काही करायचंच नाही, डबा उघडला की लगेच ऐकायचं आहे, त्याने ऑडिओ-टेक्निकाचे एटीएच-एम४०एक्स घ्यावेत असं मी म्हणेन. पुण्यातल्या मित्राकडे मी ते आठवडाभर वापरले. त्याच कंपनीच्या जास्त गाजलेल्या एम५०एक्सपेक्षा त्यांचा तोल मला रॉकसाठी बरा वाटला. गिटार आणि आवाज समोर, बास मापात. मी ते घेतले नाहीत याचं एकमेव कारण गाद्या. त्यावर पुढे येतोच.

मध्येच एक सावधगिरीची गोष्ट. नवे हेडफोन आले की आपण आवडते अल्बम लावतो आणि काही खटकलं की हेडफोनला दोष देतो. मेटालिकाचा १९८८ चा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ लावून बास कुठे गेला म्हणून मी अर्धी रात्र वायर आणि गाद्या तपासल्या. त्या अल्बमच्या मिक्समध्येच बास गिटार जवळजवळ ऐकू येत नाही, आणि कुठलाही हेडफोन ती परत आणू शकत नाही. त्यांच्याच २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये उलटा त्रास. आवाज इतका दाबून वर चढवलाय की ठोके फाटतात. स्वस्त हेडफोनवर ते खपून जातं, इथे फाटलेलं फाटलेलंच ऐकू येतं. तेव्हा परीक्षेसाठी ज्यांचं रेकॉर्डिंग चांगलं आहे असे दोन-तीन अल्बम निवडा, आणि तेच प्रत्येक हेडफोनवर लावा.

चष्मेवाल्यांसाठी. माझा चष्मा जाड काडीचा होता. काडी गादीखाली येते, तिथे फट राहते आणि बास गळतो. खात्री करायची असेल तर गाणं चालू असताना चष्मा काढून पाहा. मला फरक लगेच कळला, किकचं वजन एकदम परत आलं. नंतर बारीक धातूच्या काडीचा चष्मा केला, फरक बराच कमी झाला. लांब केसांचंही तेच, गादीखालून केस बाजूला केले की आवाज भरतो. हेडफोन बदलण्याआधी हे जरूर करून पाहा.

ओहमचा घोळ थोडक्यात. ओहम म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा, तो जास्त तर तेवढ्याच आवाजाला व्होल्ट जास्त लागतात. हे मॉडेल ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतं. १ मिलिवॉटला ९६ डेसिबल हा कंपनीचा आकडा. ८० ओहमला तेवढ्यासाठी साधारण ०.२८ व्होल्ट लागतात. १ व्होल्ट देणारं साधं टाइप-सी डोंगल (फोनला वायरचा हेडफोन जोडायचं) असेल तर हिशोब १०७ डेसिबलपर्यंत जातो. कानांना हवा त्यापेक्षा खूपच जास्त. माझं डोंगल हजाराच्या आतलं आहे आणि आवाज निम्म्याच्या थोडा वर असतो. २५० ओहमचा त्याच डोंगलवर १०२ पर्यंत जाईल, पण इक्वलायझर लावला की आणखी थोडा खाली येतो, तेव्हा त्याला छोटा अँप असलेला बरा. ८० साठी वेगळा अँप घेऊ नका. मी मित्राचा महिनाभर लावून पाहिला. आवाज मोठा झाला, चांगला झाला नाही.

आता गाद्या. मुंबईच्या बाजूला राहणाऱ्याने हेडफोन घेताना गाद्यांचं कापड आधी बघावं, ड्रायव्हर (आतला छोटा स्पीकर) नंतर, असं माझं ठाम मत झालंय. इथल्या दमट हवेत रेक्झिन टिकत नाही, आणि एम४०एक्सच्या गाद्या तशाच कृत्रिम चामड्याच्या आहेत. डीटी ७७० प्रो ८० ओहमला मखमली गाद्या आहेत. जुलैपासूनचा पावसाळा आणि नंतरचा ऑक्टोबर काढला, कुठेही सोललेल्या नाहीत. कान तापतात, पण घाम गालावर ओघळत नाही, कापडात मुरतो. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी गाद्या काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुतो आणि पंख्याखाली, सावलीत पूर्ण सुकवतो. काढणं सोपं आहे, परत चढवताना कडेची कापडी पट्टी खाचेत बसवायला पहिल्यांदा पाच मिनिटं लागली. धूळ आणि कापसाचे तंतू पटकन चिकटतात, त्यासाठी कपड्यांचा ब्रश जवळ ठेवलाय.

वजन वायर सोडून २७० ग्रॅम. दोन तासांत डोक्याच्या मधोमध जाणवतं, दुखत नाही. पट्टी स्टीलची आहे, सुरुवातीला पकड जरा जास्त वाटली, तिसऱ्या आठवड्यापासून जाणवेनाशी झाली. लोक ज्याला ‘बर्न-इन’ (वापरून आवाज खुलणं) म्हणतात त्यातला बराचसा भाग मला तरी गाद्या बसण्याचाच वाटतो. कापड दबलं की ड्रायव्हर कानाजवळ येतो आणि आवाज बदलतो. उरलेला भाग म्हणजे कानांची सवय.

वायर ३ मीटरची, सरळ आणि निघत नाही. टेबलाजवळ बसणाऱ्याला सोयीची, लोकलमध्ये घेऊन जाणाऱ्याला अजिबात नाही. माझी एकदा खुर्चीच्या चाकाखाली आली. तेव्हापासून निम्मी वायर गुंडाळून वेल्क्रोची पट्टी लावली आहे. प्रवासासाठी हे हेडफोन नाहीतच. निघणारी वायर हवी असेल तर पुन्हा एम४०एक्स.

कानांबद्दल थोडं, कारण रॉक ऐकताना आवाज नकळत चढतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास, तीही ८० डेसिबलला. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ४ तास. रंगभवनातून परतताना रात्रभर कानात जी शिट्टी वाजायची तिचा अर्थ मला विशीत माहीत नव्हता. आता बाहेरचा गोंगाट कमी झाल्यामुळे आवाज पूर्वीपेक्षा दोन-तीन खुणा खाली ठेवूनही सगळं ऐकू येतं. क्लोज्ड-बॅक घेतल्याचा हा फायदा मी खरेदीच्या वेळी धरलाच नव्हता.

शेवटी खरेदी. शक्य असेल तर ऐकून घ्या. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये कॅबिनमध्ये उभं राहून ऐकून मग कॅसेट घ्यायचो, ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. हेडफोन तसे ऐकायला देणारी दुकानं आज फार थोडी आहेत. माझा मार्ग मित्रांकडून उसने आणण्याचा होता, आणि प्रत्येक जोडी किमान चार दिवस ठेवायचा. पहिल्या दहा मिनिटांत जास्त ट्रेबल आणि जास्त बास असलेला नेहमी जिंकतो. चौथ्या दिवशी तोच कानांना नको होतो. बिल आणि वॉरंटी कार्ड अधिकृत विक्रेत्याचंच घ्या, गाजलेल्या मॉडेलच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत.

गाद्यांचा मूळ जोड आता थोडा चपटा झालाय आणि बासमध्ये ते कळायला लागलंय. नवा जोड मागवला आहे. जूनचा पाऊस सुरू होण्याआधी चढवेन, आणि त्या रात्री आधी तेच जिन्याखालचे ड्रम लावून बघेन.