कुत्र्याचं बहिरं पिल्लू की आंधळं पिल्लू, कोणतं कुणाच्या घरी द्यायचं?

जन्मतः बहिरं पिल्लू लवकर ओळखूच येत नाही, भावंडं उठली की तेही उठतं, आणि तसंही पिल्लांचे कान दोन-तीन आठवड्यांनी उघडतात, पक्कं कळायला 5-6 आठवड्यांनंतर बीएईआर टेस्ट (आवाजाला कान-मेंदू प्रतिसाद देतात का ते बघणारी तपासणी) करावी लागते. डाल्मेशियनमध्ये, पांढऱ्या पिल्लांत हे जास्त दिसतं. हाताच्या खुणा ते मस्त शिकतं, पण रस्त्यावर पट्टा कधीच सोडायचा नाही, मागून आलेल्या बाईकचा हॉर्न त्याला ऐकूच येत नाही. झोपेत हात लावला तर दचकून चावूही शकतं, म्हणून घरात लहान मूल असेल तर जरा विचार करा.

आंधळ्याचं लोकांना जास्त वाईट वाटतं, पण फ्लॅटमध्ये ते खरंच छान रुळतं, वास आणि आवाजावर सगळं चालतं त्याचं, फक्त सोफा-टेबल सारखं हलवायचं नाही आणि जवळ जाताना हाक मारायची. (दोन मर्ल, म्हणजे अंगावर फिकट-गडद ठिगळांसारखा रंग असलेल्या, कुत्र्यांचं ब्रीडिंग केलं तर पिल्लू बहिरं, आंधळं दोन्ही होऊ शकतं, ते प्लीज थांबवा!)

आजी-आजोबा दिवसभर घरी असतील तर मी आंधळं पिल्लू देईन, बहिऱ्याला रोज ट्रेनिंगला वेळ देणारं माणूस हवं.