क्लीरॅप: काळी खिडकी न उघडता कमांड चालवणारी लायब्ररी, रोजच्या कामावर घासून पाहिलेली

फोर्टमधल्या वकिलाच्या ऑफिसात पागडीच्या जुन्या भाडेपावत्या स्कॅन होऊन पडलेल्या असतात. दादरच्या सोसायटीला वीस वर्षांच्या सभांची इतिवृत्तं शोधता येतील अशी हवी असतात. लालबागच्या मंडळाला मिरवणुकीचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर जाईल इतका लहान करून हवा असतो. ही सगळी कामं चोख करणारी साधनं फुकट मिळतात: स्कॅनच्या चित्रातला मराठी मजकूर ओळखणारं टेसरॅक्ट, पीडीएफसाठी घोस्टस्क्रिप्ट, व्हिडिओसाठी एफएफएमपेग. पण ती कमांड लाइनवर चालतात आणि ऑफिसातल्या माणसाला एक बटण हवं असतं. त्या बटणामागे ही साधनं गुपचूप चालवायला डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेतला, दुसरे प्रोग्रॅम चालवणारा स्वतःचा प्रोसेस क्लास पुरतो, की क्लीरॅप ही मोफत लायब्ररी जोडावी?

आमचं मत आधीच सांगतो. विंडोजवर डॉटनेटमध्ये डेस्कटॉप ॲप लिहिणाऱ्याने क्लीरॅप जोडावी. पाचपैकी चार गुण. कापलेला एक गुण कशासाठी, ते पुढे येईलच.

काळी खिडकी नुसती दिसायला वाईट म्हणून लपवायची नसते. विंडोजच्या प्रत्येक एक्झी फाइलच्या माथ्यावर ती खिडक्यांची आहे की कन्सोलची, हे लिहिलेलं असतं. आपल्या ॲपकडे कन्सोल नसतो, म्हणून कन्सोलचा प्रोग्रॅम सुरू करताच विंडोज त्याला नवा कन्सोल, म्हणजे मजकूर छापणारी ती काळी खिडकी, उघडून देते. काम करणारा माणूस ही खिडकी व्हायरस समजून फुलीवर क्लिक करतो आणि आतला प्रोग्रॅम अर्ध्यावर मरतो. याहून फसवं म्हणजे खिडकीच्या आत झालेली क्लिक. क्विक एडिट चालू असेल तर कन्सोल मजकूर निवडण्याच्या अवस्थेत जातो, प्रोग्रॅमची पुढची ओळ छापली जात नाही आणि तो तिथेच थांबून राहतो. एंटर किंवा एस्केप दाबेपर्यंत चाळीस पानांची फाइल सातव्या पानावर अडकलेली.

प्रोसेस क्लासने ही खिडकी घालवणं सोपं आहे. यूझ शेल एक्झिक्यूट बंद, क्रिएट नो विंडो चालू. दोन्ही एकत्र लागतात. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये पहिला पर्याय मुळातच चालू असतो, डॉटनेट कोअरपासून तो बंद आहे. म्हणून जुन्या प्रोजेक्टमध्ये नुसतं क्रिएट नो विंडो लिहून खिडकी जात नाही आणि माणूस डोकं धरून बसतो. थेट विंडोजच्या फंक्शनला हात घालणाऱ्यांनी डिटॅच्ड प्रोसेस हा पर्याय टाळावा. त्यात प्रोग्रॅमला कन्सोलच मिळत नाही, मग त्याने पुढे आणखी एखादा कन्सोल प्रोग्रॅम बोलावला की त्या नातवासाठी नवी खिडकी चमकून जाते. क्रिएट नो विंडोमध्ये कन्सोल असतो, फक्त दिसत नाही, आणि नातवंडं तोच वापरतात. पॉवरशेलला खिडकी लपवण्याचा स्विच (कमांडपुढे लिहायची सूचना) देणं हा उपाय धरू नका. खिडकी आधी उघडते, मग लपते. व्हीबीस्क्रिप्टची जुनी युक्तीही आता नवीन कामात नको, कारण मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच ती भाषा मोडीत काढायचं जाहीर केलं आहे.

खरं काम खिडकी गेल्यानंतर सुरू होतं. खिडकीबरोबर प्रोग्रॅमची तक्रारही दिसेनाशी होते. ती पकडून माणसाला समजेल अशा शब्दांत दाखवली नाही, तर ॲप गप्प राहतं आणि फाइल तयार होत नाही.

तक्रार पकडायची म्हणजे स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर, म्हणजे प्रोग्रॅमचा मजकूर आणि तक्रारी वाहून नेणारे दोन पाइप, आपल्याकडे वळवायचे, आणि प्रोसेस क्लासचा सगळ्यात मोठा खड्डा इथेच आहे. पाइपाला ठरावीक जागा असते, काही किलोबाइटची. आपण आधी प्रोसेस संपायची वाट पाहिली आणि मग वाचायला बसलो, तर पाइप भरतो. प्रोग्रॅम पाइपात मोकळी जागा होण्याची वाट पाहतो, आपण प्रोग्रॅम संपण्याची वाट पाहतो, आणि दोघंही कायमचे थांबतात. आउटपुट शेवटपर्यंत वाचून मग एरर वाचायला गेलात तरी तेच, फक्त दुसऱ्या पाइपावर. एफएफएमपेग आपली सगळी बडबड एररच्या पाइपावर करतं, त्यामुळे तिथे हा खड्डा हमखास लागतो. दहा सेकंदांच्या क्लिपवर चाचणी पास होते, तासाभराच्या व्हिडिओवर ॲप लटकतं.

क्लीरॅप दोन्ही पाइप एकाच वेळी रिकामे करत राहते. एक्झिक्यूट बफर्ड असिंक ही एक ओळ लिहिली की दोन्हींचा मजकूर आणि एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा, हातात येतो. खिडकी ती स्वतःच लपवते. एक्झिट कोड शून्य नसेल तर एक्सेप्शन फेकते, म्हणजे चूक झाल्याचं सांगून काम थांबवते, आणि त्या एक्सेप्शनमध्ये एररचा मजकूरही असतो. हा स्वभाव आम्हाला फार पटतो, कारण गप्प राहून बिघडण्यापेक्षा ओरडून थांबलेलं बरं. अपवाद रोबोकॉपी या विंडोजच्या फाइली कॉपी करणाऱ्या साधनाचा. त्याचा १ म्हणजे फाइली नीट कॉपी झाल्या. ८ आणि त्यापुढचे कोड खऱ्या अपयशाचे. रोबोकॉपी चालवताना व्हॅलिडेशन (एक्झिट कोडची ही तपासणी) बंद करून कोड स्वतः तपासा, नाहीतर यशस्वी बॅकअपनंतर ॲप लाल चौकट दाखवेल.

स्विचेस देताना सगळी ओळ एका स्ट्रिंगमध्ये जोडू नका, ॲरे (सुट्या तुकड्यांची यादी) द्या. 'सभा इतिवृत्त २०१९' या नावातल्या दोन जागांवर जोडलेली ओळ तुटते. अवतरण चिन्हांत घातलं आणि फोल्डरच्या शेवटी बॅकस्लॅश राहिला, तर तो बॅकस्लॅश पुढचं अवतरण गिळतो आणि पुढचे सगळे स्विचेस फोल्डरच्या नावात जाऊन बसतात. ॲरे दिल्यावर क्लीरॅप हे सगळं सांभाळते. प्रोसेस क्लासमध्येही आर्ग्युमेंट लिस्ट आहे, पण डॉटनेट कोअर २.१ पासून, क्लीरॅप जुन्या फ्रेमवर्कवरही चालते आणि अनेक ऑफिसांतलं सॉफ्टवेअर अजून तिथेच आहे. बॅच फाइलला मात्र बाहेरून आलेलं नाव थेट देऊ नका. ती सीएमडी या विंडोजच्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममार्फत चालते आणि सीएमडीचे अवतरणांचे नियम वेगळे आहेत. याच फटीतून २०२४ मध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत गंभीर दोष निघाला आणि १.७७.२ मध्ये तो बुजवावा लागला.

आता मराठीचा मुद्दा, कारण मुंबईत हे सॉफ्टवेअर विकणाऱ्याला तो टळत नाही. टेसरॅक्टला मराठीसाठी 'मार' हा भाषेचा कोड देतात, इंग्रजी मिसळ असेल तर अधिकचं चिन्ह टाकून 'इंग'. आउटपुट फाइलच्या जागी स्टडआउट लिहिलं की मजकूर थेट पाइपातून येतो, यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत. 'म' हे एक अक्षर तिथे तीन बाइटांचं असतं. ते तीन बाइट ४३७ हे जुनं कोडपेज धरून वाचले तर 'म'च्या जागी ग्रीक अल्फा, डोक्यावर लाट असलेला एन आणि एक दुहेरी कोन अशी तीन चिन्हं उमटतात. 'मुंबई'च्या पाच चिन्हांची (म, उकार, अनुस्वार, ब, ई) अशी पंधरा होतात. म्हणून एन्कोडिंग, म्हणजे ही लिहिण्याची पद्धत, कधीही गृहीत धरू नका. क्लीरॅपच्या कॉलमध्ये यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. प्रत्येक पानाच्या शेवटी टेसरॅक्ट पान बदलण्याचं एक अदृश्य चिन्ह घालतं, ते टेक्स्टबॉक्समध्ये चौकोन बनून दिसतं. तेही काढून टाका.

मराठीचा डेटा सापडत नाही ही दुसरी नेहमीची तक्रार. टेसडेटा प्रीफिक्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम सुरू होताना वाचतो ती सेटिंग) आपल्या ॲपच्या फोल्डरकडे वळवा. क्लीरॅपमध्ये तो त्या एका कमांडपुरता देता येतो, अख्ख्या मशीनला हात लावावा लागत नाही. तिथेच ओएमपी थ्रेड लिमिट १ ठेवा. टेसरॅक्ट एका पानासाठी चार थ्रेडपर्यंत, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या चार धाग्यांपर्यंत, पसरतं. चार पानं एकदम दिली की जुन्या मशीनवर थ्रेडांची चौथ्या सीटवरच्या माणसासारखी रेटारेटी होते आणि एकूण काम उलट मंदावतं. पानं ३०० डीपीआयवर स्कॅन केलेली असू द्या.

घोस्टस्क्रिप्टबद्दल थोडक्यात. विंडोजवर त्याच्या दोन एक्झी येतात. नावाच्या शेवटी 'सी' असलेली घ्या, दुसरी स्वतःची खिडकी उघडते. बॅच आणि नो पॉज हे दोन्ही स्विच द्या, नाहीतर ते प्रत्येक पानानंतर एंटरची आणि शेवटी पुढच्या कमांडची वाट पाहतं. ईमेलला जोडायच्या पीडीएफसाठी ईबुक ही सेटिंग पुरते, चित्रं १५० डीपीआयवर येतात. परवाना एजीपीएल आहे. ॲप विकणार असाल तर तो आधी नीट वाचा.

वाट पाहण्याचा हा दोष सगळीकडेच आहे. लपलेल्या कन्सोलमधला प्रोग्रॅम 'फाइल आहेच, वर लिहू का?' असं विचारतो आणि उत्तर द्यायला समोर कोणीच नसतं. क्लीरॅप इनपुट रिकामंच ठेवते, त्यामुळे असा प्रोग्रॅम लटकत नाही, नकार समजून बाहेर पडतो. तरीही एफएफएमपेगला वर लिहिण्याचा 'वाय' स्विच स्वतःहून द्यावा.

रद्द करा या बटणावर क्लीरॅपने प्रोसेस क्लासला मागे टाकलं आहे. प्रोसेस क्लासमध्ये किल आहे, डॉटनेट कोअर ३.० पासून नातवंडांसकट. पण एफएफएमपेगला असं मारलं तर एमपी४ची अनुक्रमणिका लिहायची राहते. ती साध्या पद्धतीत फाइलच्या शेवटी लिहिली जाते. मग दोन गीगाबाइटची फाइल डिस्कवर असते आणि एकही प्लेअर ती उघडत नाही. क्लीरॅपला दोन टोकन (रद्द करण्याचे इशारे) देता येतात, एक सभ्यपणे थांबवायचं आणि दुसरं सक्तीचं. पहिल्यावर प्रोग्रॅमला कंट्रोल-सी जातो, एफएफएमपेग अनुक्रमणिका लिहून बंद होतं आणि तोवरचा व्हिडिओ वापरता येतो. सक्तीच्या टोकनाला दहा सेकंदांची मुदत ठेवा. विंडोजवर हा कंट्रोल-सी पाठवायला लायब्ररी एक छोटा मदतनीस प्रोग्रॅम वापरते. कडक अँटिव्हायरस असलेल्या ऑफिसात तो अडू शकतो, आणि अडला की लायब्ररी सरळ किलवर येते. ग्राहकाच्या मशीनवर हे तपासून घ्या.

प्रगतीची पट्टी दाखवायची तर लिसन असिंक वापरा. अवेट फॉरईचमध्ये ओळी आपल्या स्क्रीनच्या थ्रेडवरच येतात, ओळी त्या थ्रेडवर आणायची डिस्पॅचरची कसरत वाचते. डेलिगेटचा पाइप (प्रत्येक ओळीला आपलं फंक्शन बोलावणारा) निवडलात तर मात्र ओळ मागच्या थ्रेडवर येते आणि तिथून लेबल बदलायला गेलात की ॲप कोसळतं. पट्टी धक्क्याधक्क्याने सरकत असेल तर दोष लायब्ररीचा नाही. बरेच प्रोग्रॅम समोर पाइप दिसला की ओळी साठवून एकदम सोडतात. एफएफएमपेगला प्रोग्रेस पाइप १ द्या, पायथनला 'यू' हा स्विच.

कापलेला गुण अनाथ प्रोसेसचा. आपलं ॲपच कोसळलं किंवा कोणी टास्क मॅनेजरमधून बंद केलं, तर मागे टेसरॅक्ट चालत राहतं, फाइल अडकवून ठेवतं, आणि ॲप पुन्हा सुरू केल्यावर 'फाइल वापरात आहे' येतं. विंडोजचा जॉब ऑब्जेक्ट (अनेक प्रोसेस एकत्र बांधणारा गट), बंद होताच आतलं सगळं मारण्याच्या सेटिंगसह, हा त्यावरचा इलाज. क्लीरॅपमध्ये तो नाही, आपल्याला लिहावा लागतो. पन्नासेक ओळींचं काम आहे, पण अशा लायब्ररीत ते आयतं असायला हवं होतं. खरा टर्मिनल मागणारे प्रोग्रॅमही हिच्या आवाक्याबाहेर आहेत, आणि ॲडमिन परवानगीची चौकट उघडून वर आउटपुटही पकडणं विंडोज कोणालाच करू देत नाही. त्यासाठी वेगळा छोटा प्रोग्रॅम किंवा सर्व्हिस लागते.

ग्राहकाकडे ॲप सोडण्याआधी चार चाचण्या त्याच्याच मशीनवर करा. नावात मराठी आणि मोकळी जागा असलेल्या फोल्डरमधली फाइल द्या. तासाभराचा व्हिडिओ अर्ध्यावर रद्द करून उरलेली फाइल उघडून पाहा. टेसरॅक्टचा मराठी डेटा मुद्दाम हलवून ठेवा आणि स्क्रीनवर कुठला संदेश येतो ते वाचा. शेवटी काम चालू असताना ॲप टास्क मॅनेजरमधून मारा आणि त्याच यादीत टेसरॅक्ट उरलं आहे का, ते शोधा.