घरी बांधलेला झेड-८० संगणक: काही महिन्यांच्या वापरानंतर

सुटे भाग निवडताना मी एकच क्रम पाळला: आधी सॉफ्टवेअर ठरवायचं, मग त्याला लागेल तेवढंच हार्डवेअर घ्यायचं. मला सीपी/एम २.२ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम हवी होती, तीही टर्बो पास्कल ३ (पास्कल भाषेचा कंपायलर) आणि वर्डस्टार (लेखनाचा प्रोग्राम) रोज वापरता यावेत म्हणून. ६५०२ हा प्रोसेसर मलाही प्रिय आहे आणि त्याची सीमॉस (कमी वीज खाणाऱ्या रचनेची) आवृत्ती आजही नवी मिळते. पण सीपी/एम इंटेलच्या ८०८० प्रोसेसरसाठी लिहिलेली आहे, आणि तिच्यावरच्या टर्बो पास्कलला तर त्याच कुळातला झेड-८० प्रोसेसरच लागतो. प्रोसेसरचा प्रश्न तिथेच मिटला.

खरा विचार मेमरीचा. सीपी/एमला पत्ता शून्यापासून रॅम हवी असते आणि प्रोग्राम हेक्स १०० पासून चढतात. झेड-८० मात्र रीसेटनंतर पहिली सूचना शून्यावरूनच उचलतो, म्हणजे त्या क्षणी तिथे रॉम हवी. बूट झाल्यावर एका लॅचने (एक बिट धरून ठेवणाऱ्या चिपेने) रॉम बाजूला केली तरी काम भागतं. मी ५१२ केबी रॅम, ५१२ केबी फ्लॅश आणि १६ केबीच्या पानांची मांडणी घेतली, कारण त्यावर रॉमडब्ल्यूबीडब्ल्यू हे अशा संगणकांचं तयार रॉम-सॉफ्टवेअर नीट बसतं. रॉमडिस्क आणि रॅमडिस्क (मेमरीचाच डिस्कसारखा वापर) तयार मिळतात. कंपायलर रॅमडिस्कवर ठेवला की कामाचा वेग इतका सुखद लागतो की जास्त मेगाहर्ट्झची ओढच उरत नाही.

क्रिस्टल ७.३७२८ मेगाहर्ट्झचाच घ्या. त्याला ६४ ने भागलं की बरोबर १,१५,२०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट) हा सिरियल जोडणीचा वेग मिळतो. सिरियलसाठी ६८५० ही चिप स्वस्त आणि सोपी आहे, तरी माझी पसंती झेड-८०च्या जोडीच्या एसआयओ चिपेला, कारण तिच्यात येणाऱ्या ३ बाइट साठवायची सोय आहे. या वेगाला दर अक्षरामागे प्रोसेसरला फक्त ६४० क्लॉक मिळतात. डिस्कवर लिहिणं चालू असताना ते पुरत नाहीत, म्हणून आरटीएस-सीटीएसच्या (समोरच्याला ‘थांब’ किंवा ‘पाठव’ सांगणाऱ्या) तारा जोडायलाच हव्यात. त्या नसतील तर टर्मिनलवर लांब मजकूर पेस्ट केला की मधली अक्षरं गळतात.

साठवणुकीला कॉम्पॅक्ट फ्लॅश, ८ बिट मोडमध्ये. सगळीच कार्डं साध्या बसवर ओळखली जात नाहीत. दोन-तीन वेगवेगळी जवळ असू द्या. सीपी/एम २.२ मध्ये एक ड्राइव्ह ८ एमबीपलीकडे जात नाही, पण त्या काळच्या प्रोग्रामांना तेवढी जागा भरणंही अवघड.

जोडणीच्या चिपा ७४एचसीटी मालिकेच्या, आणि प्रत्येक चिपेशेजारी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. यात काटकसर नको.

डीआयपी (दोन बाजूंना पायांच्या रांगा असलेल्या) झेड-८०च्या शेवटच्या ऑर्डरी त्याची निर्माती झायलॉगने जून २०२४ पर्यंतच घेतल्या. त्यामुळे बाजारात वरचं नाव पुसून नवी छपाई केलेल्या चिपा बऱ्याच फिरतात. विकत घेतलेली चिप खरंच सीमॉस आहे का, हे पाहायला हेक्स ईडी ७१ ही अनधिकृत सूचना चालवा: जुन्या रचनेची एनमॉस चिप पोर्टवर शून्य टाकते, सीमॉस हेक्स एफएफ.