गाडी खाली आली, पण कॉइलओव्हर बसलेच नाहीत

गाडीची उंची कमी करून देण्याच्या कामात ग्राहकाला फसवणे फार सोपे असते, आणि त्याचे कारण त्या कामातच आहे. ग्राहकाला डोळ्यांनी दिसणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे टायर आणि मडगार्ड यांमधले अंतर. ते अंतर चांगल्या कॉइलओव्हरने, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग यांच्या उंची बदलता येणाऱ्या संचाने, कमी होते, तसेच ग्राइंडरने स्प्रिंगचा वेढा कापूनही कमी होते. चाके लावलेली गाडी ताब्यात घेताना या दोन्हींत काडीचाही फरक दिसत नाही. मला ज्यांनी फसवले, त्यांचा सगळा भरवसा याच गोष्टीवर होता.

मी काय मागितले होते, हे आधी स्पष्ट करतो. पुढच्या बाजूला पूर्ण लांबी बदलता येणारे, मोनोट्यूब (एकाच नळीचे) शॉक अ‍ॅब्सॉर्बर असलेले कॉइलओव्हर बसवायचे ठरले होते. या प्रकारात स्प्रिंगचा ताण वरच्या रिंगने एकदाच ठरवला जातो आणि उंची खालच्या ब्रॅकेटवर शॉकचा देह फिरवून बदलली जाते, त्यामुळे गाडी खाली आणली तरी शॉकच्या रॉडची चाल कमी होत नाही. माझ्या गाडीला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा, असल्याने तिथे स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळ्या जागी असतात. म्हणून मागे उंची बदलणारी स्प्रिंगची बैठक आणि लांबीने कमी असलेले नवे शॉक द्यायचे होते. हे सारे बिलावर लिहिलेले होते. खोके माझ्यासमोर उघडून दाखवले गेले आणि त्यातला माल खरोखरच उत्तम होता. तो गाडीला बसला नाही, एवढेच.

गाडी परत मिळाली तेव्हा ती हवी तितकी खाली आलेली होती आणि सोबत व्हील अलाइनमेंटचा छापील कागद होता. जुने शॉक मागितल्यावर ‘ते भंगारात गेले’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर अनेक ठिकाणी मिळते, पण इथे त्याला वेगळे कारण होते: जुने शॉक परत देण्यासारखे नव्हतेच, कारण ते अजून गाडीतच होते.

लक्षणे लवकर दिसू लागली. गतिरोधकावरून उतरताना पुढून ‘टक्’ असा धातूचा आवाज येई, खड्ड्यानंतर गाडी एकदा दबून स्थिर होण्याऐवजी पुन्हापुन्हा उसळे, आणि लहानशा उंचवट्यावरही बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकची चाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर, आदळल्याचा धक्का थेट पाठीत बसे. तक्रार केल्यावर ‘स्प्रिंग अजून बसायच्या आहेत’ असे सांगण्यात आले. नव्या स्प्रिंग सुरुवातीला थोड्या बसतात हे खरे आहे, म्हणूनच ही थाप पचून जाते. परंतु स्प्रिंग बसल्याने गाडी काही मिलिमीटर खाली येते, आवाज करत नाही.

खरा धागा सापडला तो अलाइनमेंटच्या कागदात. त्यावर मागच्या डाव्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, ‘आधी’च्या रकान्यात लाल आणि ‘नंतर’च्या रकान्यात हिरवा छापलेला होता, म्हणजे तो दुरुस्त केल्याचा दावा होता. माझ्या गाडीच्या टॉर्शन बीमवर कॅम्बर बदलण्यासाठी कोणताही बोल्ट नाही. तो बदलायचा झाल्यास चाकाच्या हबमागे शिम, म्हणजे पातळ चकती, घालावी लागते, आणि तसे काही केल्याचा उल्लेख बिलावर नव्हता. तो कागद दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा होता.

त्यानंतर गाडी दुसरीकडे रॅम्पवर चढवून चाके काढायला लावली. पुढच्या बाजूला गाडीचेच मूळ शॉक होते. त्यांच्यावरची स्प्रिंगची पत्र्याची बैठक ग्राइंडरने काढून टाकलेली होती, तिथे आटे पाडलेली अ‍ॅल्युमिनियमची नळी सरकवली होती, आणि ती नळी खाली घसरू नये म्हणून वेल्डिंगचा एक ओबडधोबड थर दिला होता. सगळ्यावर चकचकीत रंग मारला होता. नखाने खरवडल्यावर त्याखालून कारखान्याचा काळा रंग आणि गंजाचे ठिपके दिसले. रॉडच्या टोकावर डॅम्पिंगचे, म्हणजे शॉकचा विरोध कमीजास्त करण्याचे, रंगीत बटणही होते. ते फिरवत राहिलो तरी ना खटका जाणवे ना शेवट येई. उपटून पाहिले तर ते नुसते डिंकाने चिकटवलेले निघाले. मागच्या स्प्रिंग तर चक्क कापलेल्या होत्या. कापलेल्या टोकाचा निळसर जळका डाग रंगातूनही दिसत होता.

कापलेल्या स्प्रिंगबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण ‘एक वेढा कमी केल्याने काय बिघडते’ असे विचारणारे मेकॅनिक सर्रास भेटतात. स्प्रिंगचा कडकपणा कार्यरत वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. ६ कार्यरत वेढ्यांतला १ कापला की तीच स्प्रिंग २० टक्के कडक होते. तिला आवरणारा शॉक मात्र जुन्याच स्प्रिंगसाठी बनवलेला असतो, म्हणून गाडी उसळत राहते. शिवाय लांबी घटल्यामुळे चाक पूर्ण खाली लोंबकळले की स्प्रिंग बैठकीत सैल होते, आणि हेच पुढच्या नळीवाल्या जुगाडातही होत होते: ‘टक्’ आवाज स्प्रिंग परत बैठकीवर आपटल्याचा होता. मूळ लांबीचा शॉक कमी उंचीवर वापरला की रॉड आधीच आत गेलेला असतो आणि दबायला चाल उरत नाही, म्हणून बंप स्टॉपवर आदळणे अटळ ठरते.

यातले बहुतेक काही चाके लावण्यापूर्वी पाहिले तर काही मिनिटांत उघड होते, म्हणून जो गॅरेजवाला तेवढ्यापुरता आत येऊ देत नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. खोके उघडताच प्रत्येक शॉकवर आणि स्प्रिंगवर स्वतःच्या हाताने पक्क्या शाईची खूण करावी, अनुक्रमांकाचा फोटो घ्यावा आणि बसवल्यानंतर तीच खूण गाडीखाली शोधावी. मोनोट्यूब शॉकमध्ये दाबाखाली वायू असतो, त्यामुळे रॉड हाताने आत दाबून सोडला की तो आपोआप बाहेर येतो; जागच्या जागी बसून राहिला तर माल संशयास्पद समजावा. डॅम्पिंगचे बटण दोन्ही टोकांना थांबले पाहिजे आणि दोन टोकांच्या सेटिंगमध्ये रॉड ओढताना हाताला फरक लागला पाहिजे. स्प्रिंगवर बहुधा ६२-१८०-०६ अशा धाटणीचे आकडे असतात: आतला व्यास आणि लांबी मिलिमीटरमध्ये, आणि शेवटी दर मिलिमीटरला किती किलो. बिलावर तेच आकडे लिहून घ्यावेत. उंची मोजताना जमिनीपासून मोजू नये, कारण टायरमधली हवा कमीजास्त असली तरी ती बदलते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावी. अलाइनमेंटच्या कागदावर आपल्या गाडीचा क्रमांक आणि मॉडेल छापलेले आहे ना, हे मशीनसमोर उभे राहूनच पाहावे.

मालकाला जाब विचारला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “साहेब, तुम्हाला गाडी खाली हवी होती, ती आली ना खाली?” बिल, फोटो आणि तो परका कागद समोर ठेवून लेखी नोटीस दिल्यावर त्याने सामानाची रक्कम परत केली. पुढच्या दोन्ही टायरची आतली कड मात्र तारा दिसेपर्यंत झिजली होती आणि त्यांची भरपाई त्याने नाकारली. गाडी खाली केली की टायर आतून घासणारच, असे त्याचे म्हणणे. आज गाडी खऱ्या कॉइलओव्हरवर त्याच उंचीवर चालते आहे, कॅम्बर तेव्हाइतकाच आत झुकलेला आहे, फक्त टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे माप) योग्य ठेवला आहे, आणि नवे टायर सपाट झिजत आहेत. त्यांची मापे आणि टो दाखवणारा अलाइनमेंटचा खरा कागद जोडून टायरच्या भरपाईची दुसरी नोटीस त्याला पाठवली आहे.