मस्टँग जीटीचं सस्पेन्शन बदलल्यावर: उंची तीच, चाल वेगळी

माझ्या फोर्ड मस्टँग जीटीला नवे शॉकअप (स्प्रिंगचं झुलणं आवरणारे शॉक ॲब्सॉर्बर) आणि मागच्या सबफ्रेमच्या (सस्पेन्शन पेलणाऱ्या चौकटीच्या) बुशला, म्हणजे रबरी गादीला, बाहेरून आधार देणारे ब्रेस बसवून एक पावसाळा, एक हिवाळा झाला, आता उन्हाळाही संपत आलाय. ज्यांच्याकडे ही गाडी आहे किंवा जे जुनी घ्यायच्या विचारात आहेत, त्यांना आधीच सांगतो: गाडी खाली बसवू नका. पैसे घालायचेच असतील तर शॉकअप, मागचे बुश आणि चारी चाकांचं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) यांत घाला.

ही गाडी आपल्याकडे २०१६ साली आली. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, ५१५ न्यूटन मीटर टॉर्क, सहा गिअरचं ऑटोमॅटिक. आधीच्या पिढीच्या मस्टँगला मागे अखंड ॲक्सल असायचा, हिला मागची दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत. म्हणजे मूळ बांधणी उत्तमच आहे. पण वजन सतराशे किलोच्या वर, त्यातलंही अर्ध्याहून जास्त पुढच्या चाकांवर, आणि मूळ शॉकअप मऊ. इंदूरच्या देवास रोडवर पुलाच्या सांध्यावरून गेली की मागचा भाग एकदा वर, एकदा खाली आणि पुन्हा एकदा वर जायचा. सरळ रस्त्यावर ते चालून जातं, पण वळणात तसं झालं की स्टिअरिंगवरचा भरवसा जातो.

दुसरा त्रास थांबलेल्या गाडीला जोरात रेस दिली की व्हायचा. मागची चाकं रस्ता पकडायची, सुटायची, पुन्हा पकडायची, आणि अख्खी गाडी धडधडायची. याचं कारण सबफ्रेममध्ये आहे. मागचं सगळं सस्पेन्शन एका सबफ्रेमवर आहे आणि ती सबफ्रेम चार मोठ्या रबरी बुशांवर बॉडीला जोडलेली आहे. रबर मऊ असल्यामुळे जोर आला की सबफ्रेमच हलते. त्यावर दोन उपाय मिळतात. रबर काढून ॲल्युमिनियमचे ठोकळे बसवायचे, नाहीतर रबर तसंच ठेवून त्याला बाहेरून ब्रेसचा आधार द्यायचा. ॲल्युमिनियमने हालचाल पूर्ण थांबते, पण डिफरन्शियलचा (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) आवाज थेट केबिनमध्ये येतो. गाडीत घरची माणसं बसतात, म्हणून मी ब्रेस घेतले. धडधड अगदी शून्यावर आलेली नाही. ओल्या रस्त्यावर जास्तच रेस दिली तर अजून जाणवते. पण रोजच्या वापरात ती संपली असं म्हणायला हरकत नाही.

शॉकअप कोनी या ब्रँडचे पिवळे घेतले आणि स्प्रिंग कंपनीचेच ठेवले. बाजारात गाडी इंचभर खाली आणणाऱ्या स्प्रिंग भरपूर आहेत. अमेरिकेतल्या गुळगुळीत रस्त्यांवर त्या शोभतात. इंदूरमधल्या कॉलन्यांत मात्र दर शंभर पावलांवर स्पीडब्रेकर, त्यातले निम्मे लोकांनी आपापल्या दारासमोर स्वतःच घातलेले. तिथे मूळ उंचीचीच मस्टँग तिरकी घालून न्यावी लागते. शिवाय गाडी खाली आली की शॉकअपला दबायला जागा कमी उरते आणि खड्ड्यात तो थेट बंप स्टॉपवर (दबण्याच्या शेवटी असलेल्या रबरी ठोकळ्यावर) आदळतो. मग हँडलिंग सुधारायचं राहतं बाजूला, वळणात खड्डा आला की चाकच रस्ता सोडतं.

कोनीच्या या शॉकअपमध्ये फक्त रिबाउंड कमीजास्त करता येतो, म्हणजे दबलेली स्प्रिंग किती वेगाने उलगडेल ते. पुढच्या दोन्हींची कळ बॉनेट उघडल्यावर वरच दिसते. सुरुवातीला पूर्ण मऊ ठेवलं आणि महिनाभर तसंच चालवलं. नंतर पुढे अर्धा फेरा कडक केला. आता स्पीडब्रेकर उतरल्यावर नाक एकदाच खाली जातं आणि तिथेच सावरतं. आई मागे बसते, तिथे जागा फारच कमी आहे, तरी उज्जैनहून परतताना स्वतःहून म्हणाली, "आता पोटात ढवळत नाही रे." इतके कडक शॉकअप बसवून प्रवास जास्त सुखाचा झाला हे लोकांना पटत नाही. पण त्रास व्हायचा तो गाडीच्या झुलण्याचा, आणि ते झुलणंच थांबलं. अर्थात जुने शॉकअप थकलेले होते, त्यामुळे या फरकातला काही भाग नवेपणाचा आहे हेही मानायला हवं.

फिटिंगबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण चांगला माल इथेच वाया जातो. आमचे मिस्त्री पीथमपूरच्या कारखान्यात बरीच वर्षं काढलेले. गाडी रॅम्पवर असताना त्यांनी आर्मचे (चाक गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट नुसते हाताने घट्ट केले. मी विचारलं, तर म्हणाले, "घाई नको. आधी चाकांवर उभी राहू दे, मग आवळू." चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला की रबरी बुश त्याच स्थितीत पकडला जातो. मग गाडी जमिनीवर आली की तो कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. त्यांनी चाकांखाली फळ्या घातल्या, वजन चाकांवर घेतलं आणि मगच टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) लावला. काढलेले बोल्टही पुन्हा वापरले नाहीत, नवेच घातले.

त्यानंतरचा अलाइनमेंटचा अनुभव मात्र वाईट. एका दुकानात फक्त पुढच्या चाकांचा टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बघून सगळं ठीक सांगणाऱ्या हिरव्या आकड्यांचा कागद हातात दिला. काही आठवड्यांनी मागच्या टायरवर हात फिरवला, तर आतून बाहेर गुळगुळीत आणि बाहेरून आत करवतीसारखा. मागचा टो बिघडल्याची ही खूणच. या गाडीला मागे कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो दोन्ही जुळवता येतात, पुढे मूळ फिटिंगमध्ये फक्त टो. मागची चाकं आधी जुळवून मग पुढची घ्यायची असतात. दुसऱ्या ठिकाणी समोर उभं राहून तसं करून घेतलं, तेव्हा हायवेवर स्टिअरिंग डावीकडे ओढणंही बंद झालं.

खरी परीक्षा जाम गेटच्या घाटात. महूहून पुढे अहिल्याबाईंच्या काळातला तो दरवाजा ओलांडला की रस्ता माळव्यातून थेट निमाडात उतरतो. अरुंद, आवळ वळणं, मध्येमध्ये उखडलेलं डांबर. पूर्वी ब्रेक मारून वळणात शिरलं की आधी नाक झुकायचं, मग बॉडी कलायची, आणि त्यानंतर गाडी वळायची. आता या तिन्ही गोष्टी जवळजवळ एकदमच होतात. वळणाच्या ऐन मध्यावर खड्डा आला तरी मागचं चाक जागा सोडत नाही. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, म्हणून लोक मला टॉप स्पीड विचारतात. या कामाने तो वाढत नाही. साठच्या वेगात गाडी तुमचं ऐकू लागते, आणि मला तेच हवं होतं.

तक्रारी दोन. कडाक्याच्या थंडीत सकाळी पहिल्या काही मिनिटांत पुढून हलकी टकटक येते, गाडी गरम झाली की जाते. आणि खर्च: आयात, कस्टम ड्यूटी, मजुरी, दोनदा अलाइनमेंट धरून आकडा मोठाच होतो. अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून वळणात बॉडीचं कलणं रोखणारे दांडे) मी बदललेच नाहीत. ते जाड केले की एका चाकाचा खड्डा दुसऱ्या चाकालाही जाणवतो, आपल्या रस्त्यांवर ते नकोच.

मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीतल्या बदलांबद्दल आहे, ते वाचून घ्या आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा. मी काम सुरू करण्याआधीच पत्र दिलं आणि पोच घेतली. मागचे टायर आता उतरत आलेत. ते बदलले की अलाइनमेंट पुन्हा करणार, आणि कोनीची मागची सेटिंग तेव्हाच पहिल्यांदा बदलून बघणार.